परकर-पोलक्याचं ऑनलाइन दुकान : रंग, मापं, बाह्या... किती पर्याय ठेवायचे?

नौपाड्याची_सई

मंडळी, गुढीपाडव्याला सव्वा महिना उरलाय आणि मी एका तक्त्यापाशी अडकून बसलेय, म्हणून हा धागा.

माझ्या सासूबाई गेली २२ वर्षं मुलींची खणाची परकर-पोलकी आणि शिवलेल्या नऊवारी शिवतात. घरात तीन मशीन आहेत, दोन मावशी मदतीला येतात. आतापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. कोणी फोटो पाहून विचारायचं, "हा आमसुलीच ना? सहा वर्षांच्या मुलीला येईल ना?" मी उत्तर द्यायचे, आई टेप घेऊन माप समजावायच्या. गेल्या वर्षी पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेबारालासुद्धा माझं हेच चाललेलं. शेवटी एका मुलीला चुकीच्या मापाचं पोलकं गेलं आणि सणाच्या दिवशी तिला ते घालता आलं नाही. ते आईंच्या फार मनाला लागलं.

आता भाच्याने वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) दुकान उभं करून दिलंय. त्यात माल भरायचं काम माझ्याकडे. मी कागदावर मांडलं: रंग १२, मापं ८, बाही अर्धी किंवा लांब, दागिन्यांसह किंवा दागिन्यांशिवाय. गुणाकार केला तर ३८४! एका परकर-पोलक्याचे ३८४ प्रकार मी भरणार कधी आणि त्यांचा साठा सांभाळणार कसा?

तर प्रश्न असे. सगळं एकाच पानावर पर्याय म्हणून द्यायचं की रंगागणिक वेगळं पान करायचं? माप वयात लिहू की इंचात? आणि खाली माहिती काय काय द्यावी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ऐरोलीचा_कोडवाला

सई, आधी तो ३८४ चा आकडा बाजूला ठेव. प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचार. ही बदलली की किंमत बदलते का? फोटो बदलतो का? कपाटातला नग वेगळा होतो का? एकाचंही उत्तर हो असेल तरच ते व्हेरिएशन, म्हणजे एकाच वस्तूचा वेगळा नोंदवलेला प्रकार. बाकीच्याला दुसरीकडे जागा आहे.

दागिने ही वेगळी वस्तू आहे, तिचं वेगळं पान कर आणि परकराच्या पानावर "सोबत घ्या" म्हणून जोड. कापड, अस्तर, धुण्याची पद्धत सगळ्या नगांना सारखीच असेल, तर ती माहिती वर्णनात जाते. मुलीचं नाव भरतकामात हवं असेल तर तो मजकूर गिऱ्हाईक लिहिणार, म्हणजे पर्याय नव्हे, लिहायची चौकट. ती वूकॉमर्समध्ये मुळात येत नाही, वेगळं प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं.

बाहीचं तूच सांग. दोन्ही प्रकार शिवून तयार असतात की ऑर्डर आल्यावर बाही लावता?

बाही काढलीस तर उरले रंग गुणिले माप, म्हणजे ९६. एका पानावर तेही पुष्कळ, पण आवाक्यातलं. भरताना तीन गोष्टी सांभाळ. रंग आणि माप हे गुणधर्म भरलेस की त्यांच्यापुढची "व्हेरिएशनसाठी वापरा" ही खूण कर, नाहीतर ते नुसते माहितीच्या तक्त्यात दिसतील, निवडता येणार नाहीत. सगळ्या जोड्या आपोआप तयार करायचं बटण एका खेपेला ५० च करतं, म्हणून ते पुन्हा दाबावं लागेल. आणि ज्या व्हेरिएशनला किंमत भरली नाही ते दुकानात दिसतच नाही. बरेच जण "माझा लाल रंग कुठे गेला" म्हणून तासन्‌तास शोधत बसतात, आणि किंमतीची चौकट रिकामी असते.

खाडीपलीकडची

३८४ वाचून मला माझ्या लग्नाची आमंत्रणांची यादी आठवली. ती पण शेवटी ९६ वर आली होती. शुभेच्छा गं सई!

टेप_आणि_टाचणी

मी कळव्याला ३० वर्षं लेडीज टेलरिंग करतो. कॉम्प्युटरचं मला कळत नाही, मापाचं बोलतो.

वय लिहू नका. सहा वर्षांच्या दोन मुली शेजारी उभ्या करा, एकीची छाती २२ भरेल, दुसरीची २६. वय हे माप नाही. आणि नुसतं "छाती २४" एवढं लिहिलं तरी घोळ होतोच. २४ हे अंगाचं माप की तयार पोलक्याचं? अंगाचं २४ असेल तर मी पोलकं २७ चं बेततो, मुलगी हात वर करून नाचली पाहिजे. वर दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवतो, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते. आता एखाद्या आईने मुलीचा जुना फ्रॉक पलंगावर पसरून टेप लावला, २७ भरलं, आणि तुमच्या तक्त्यातलं "२७" अंगाचं असलं, तर तिच्या घरी तीन इंच ढगळ पोलकं पोचणार. गेल्या वर्षी तुमचं असंच काहीसं झालं असणार.

म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा, "मुलीच्या अंगाचं माप" आणि "तयार कपड्याचं माप". पोलक्याला छाती आणि खांदा. परकराला कमर आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची. शिवलेल्या नऊवारीला उंची सगळ्यात महत्त्वाची. कमर नाडीने आवळता येते, उंची आवळता येत नाही. दोन इंच जास्त झाली की लेकरू पायात अडकून पडतं.

माया किती ठेवलीय तेही लिहा. आया ते वाचून खूश होतात.

नेरुळची_आजी

टेपवाले दादा, तुमचं म्हणणं शिवणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहे, पण घेणारी मी आहे. माझी नात पुण्याला असते. मला तिची छाती कुठून ठाऊक असणार? मला एवढंच माहीत की श्रावणात ती सात पूर्ण करेल. सुनेला फोन करून माप विचारलं तर आश्चर्याचा आनंदच गेला. दुकानात वय लिहिलेलं नसलं तर मी ते पान बंद करून दुसरीकडे जाईन. आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, सणाला नातीला कपडे आजीच घेते.

टेप_आणि_टाचणी

आजी, मान्य. आजी गिऱ्हाईक असते हे मी विसरलो, दुकानात ती नातीला सोबत घेऊन येते ना.

मग असं करा. निवडायच्या यादीत वय आणि माप दोन्ही ठेवा: "६ ते ७ वर्षे, छाती २५, उंची ४६". उंची म्हणजे मुलीची पूर्ण उंची, इंचात. आणि खाली एक ओळ: मुलगी वयाच्या मानाने उंच असेल तर पुढचं माप घ्या. मोठं निघालं तर टीप मारून लहान करता येतं.

नेरुळची_आजी

हे छान. उंची मला माहीत आहे, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा केल्यात.

मसाल्याची_वाट

माझा विषय वेगळा आहे, पण चूक अशी केली की तुमच्याही कामाला यावी. मी तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून मिरची-धणे घेऊन घरी गोडा मसाला आणि मालवणी मसाला करते. पर्याय १०० ग्रॅम, २५०, ५०० आणि १ किलो. किंमती चार वेगळ्या भरल्या आणि निश्चिंत झाले. पण पाठवणीचं वजन मी फक्त मुख्य उत्पादनाला भरलं होतं, १०० ग्रॅम. व्हेरिएशनची वजनाची चौकट रिकामी सोडली की तिथे मुख्य उत्पादनाचंच वजन धरलं जातं. दीड महिना मी किलोकिलोची पाकिटं १०० ग्रॅमच्या कुरिअर खर्चात पाठवत होते. कुरिअरवाल्याने महिन्याच्या हिशेबात फरक लावला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नफा सगळा त्यात गेला होता.

तुमच्या नऊवारीला तर याहून जपायला हवं. खोक्यातून पाठवणार असाल तर नुसतं वजन नाही, खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, बऱ्याच कुरिअरची हीच रीत. ४० बाय ३० बाय १० चं खोकं म्हणजे १२००० भागिले ५०००, आलं २.४ किलो. आत कपडा ७०० ग्रॅमचा असला तरी पैसे २.४ किलोचे. म्हणून कपड्याला पातळ पिशवी आणि दागिन्यांना छोटं खोकं.

खाण्याचा माल विकणाऱ्या कोणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी: अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि किती दिवसांत संपवायचं हे प्रत्येक पाकिटावर असू द्या, आणि पानावरही तेच लिहा.

कोपरखैरणेकर

सई, तू हे सगळं एकेक करून भरणार की सीएसव्हीने, म्हणजे स्प्रेडशीटची एकच फाइल चढवून? सीएसव्हीने भरणार असशील तर आत्ताच सांगतो, नाहीतर माझ्यासारखं होईल.

मी लहान मुलांचे कुर्ते विकतो. माप लिहिलं होतं इंग्रजी आकड्यांत, दोन डॅश तीन, तीन डॅश चार. स्प्रेडशीटने त्यांच्या तारखा केल्या. २-३ चं झालं २ मार्च, ३-४ चं ३ एप्रिल. मी न बघता फाइल चढवली. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन, "भाऊ, तुमच्याकडे ५ जूनचा कुर्ता आहे, तो कितव्या वर्षाचा?" त्या बिचाऱ्या मनापासून विचारत होत्या.

उपाय साधा आहे. लिहायला सुरुवात करण्याआधी तो रकाना "मजकूर" प्रकारचा करून ठेव. एकदा तारीख झाली की नंतर प्रकार बदलून मूळ माप परत येत नाही, भलताच पाच आकडी नंबर दिसतो. त्याहून सोपं म्हणजे मधे डॅश देऊच नको, "२ ते ३ वर्षे" असं लिही.

आणि फाइल जतन करताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं शाबूत ठेवणारी पद्धत) निवड. नाहीतर "आमसुली" च्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. बारकोड असले तर तेही मजकूर म्हणून ठेव. १३ आकडी नंबर स्प्रेडशीट आखडून ८.९ असं काहीतरी करून टाकतं आणि शेवटचे आकडे जातात.

नौपाड्याची_सई

कोपरखैरणेकर दादा, आत्ता माझी फाइल उघडून बघितली. ३ एप्रिल माझ्याकडेही बसलाय! वाचवलंत.

टेपवाले काका, आईंना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा माणूस खरा शिवणारा आहे." गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं, त्या ताईंनी जुन्या फ्रॉकचं माप दिलं होतं. मायेचं तर त्या कायमच सांगतात, मलाच ते लिहावं हे सुचलं नव्हतं.

कोडवाला, बाही ऑर्डर आल्यावरच लावतो. कापून ठेवलेल्या असतात.

आता रंगांचं सांगा. माझ्या यादीत आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, डाळिंबी, राणी, पोपटी, हळदी, गुलबक्षी, वांगी, श्रीखंडी आणि काळा-लाल आहेत. हीच नावं ठेवू ना?

रंगवेडी_वाशी

नावं काढू नकोस! ही नावं म्हणजे आपल्या घरातली फुलं, फळं, भाज्या आहेत. चिंतामणी म्हटलं की तो निळा डोळ्यांपुढे येतो.

पण खण ऑनलाइन दाखवणं कठीण काम आहे, हे अनुभवाने सांगते. बऱ्याच खणांत ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रंग एक आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा. समोरून बघितलं तर जांभळा, तिरकं केलं तर लाल झाक. एका फोटोत ते येतच नाही. प्रत्येक रंगाचे निदान दोन फोटो हवेत, एक सपाट पसरून आणि एक चुणी पाडून. मी हातात कापडाचं टोक धरून घडी मोडतानाचा फोटो काढते, त्यात दोन्ही रंग दिसतात.

उजेड: सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली आमसुली तपकिरी दिसतो आणि मोरपंखी नुसता हिरवा. शेजारी पांढराशुभ्र कागद ठेवून फोटो काढ, मग मोबाइलमध्ये तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळव. सगळे रंग एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच अंतरावरून. आणि त्या-त्या रंगाचा फोटो त्या-त्या व्हेरिएशनला जोड. गिऱ्हाइकाने अबोली निवडला आणि चित्र डाळिंबीच राहिलं की तिचा विश्वास उडतो.

ही नुसती हौस नाही बरं. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. पानावर सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विकणाऱ्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. फोटोतला रंग चुकला की ती चूक आपली.

घोडबंदर_रोडवाली

रंगवेडीताईंशी थोडी असहमत. माझ्या पिढीतल्या कितीतरी आयांना चिंतामणी आणि श्रीखंडी माहीत नाही. मी बत्तीस वर्षांची आहे, मलाही गुलबक्षी म्हणजे नक्की कोणता ते बघावं लागलं. आम्ही शोधताना "वाइन कलर", "रामा ग्रीन", "बेबी पिंक" असं टाकतो. नाव सुंदर असून उपयोग काय, सापडलं पाहिजे ना.

रंगवेडी_वाशी

तुझंही खरं आहे. मग जोडून लिहायचं: "चिंतामणी, मोराच्या मानेसारखा निळा" किंवा "आमसुली, गडद वाइन". यादीत नाव मराठी, सोबत ओळख. शोधशब्द वर्णनात घाल. तुझ्या मुलीलाही या निमित्ताने गुलबक्षी कळेल.

जुना_ठाणेकर

विषयांतराबद्दल क्षमस्व. पाडव्याला सकाळी कौपिनेश्वराची पालखी निघते, तिच्यामागे स्वागतयात्रेत या खणाच्या परकरांतल्या चिमुकल्या लेझीम घेऊन चालतात, तेव्हा तलावपाळीचा रस्ता बघण्यासारखा असतो. सईताई, तुमच्या सासूबाईंनी शिवलेली किती पोलकी त्यात असतील! त्यांना माझा नमस्कार सांगा.

खाडीपलीकडची

+१. आणि यात्रेनंतर मामलेदारची मिसळ. तिथे पर्याय तीनच, कमी तिखट, मध्यम आणि तिखट, आणि गर्दी बघा!

ऐरोलीचा_कोडवाला

खाडीपलीकडची, याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

जमाखर्च_ठाणे

किंमत आणि कर याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांचे दर बदललेत. नगाची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर १८. पूर्वी ही रेषा १००० वर होती आणि वरचा दर १२ होता. मुलींची परकर-पोलकी खालीच राहतील. पण त्याच पानावर मोठ्या बायकांच्या मापाची नऊवारी ठेवलीत आणि ती २६०० ची असली, तर तिच्या व्हेरिएशनला कराचा वर्ग वेगळा लावावा लागेल. वूकॉमर्समध्ये तो प्रत्येक व्हेरिएशनला वेगळा देता येतो. माझा सल्ला, मोठ्यांच्या नऊवारीचं पानच वेगळं करा.

दुसरं, नोंदणी. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. पण ती सूट राज्यातल्या विक्रीपुरती. तुमच्या साइटवरून बेळगावला किंवा इंदूरला पोलकं गेलं की परराज्यातली विक्री होते आणि गणित बदलतं. मोठ्या बाजार-साइटवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय, पण पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्यातल्या राज्यात विकता येतं. सुरुवातीला साइटवर पाठवणीचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं ठेवा आणि पुढची पायरी आपल्या सीएला विचारून टाका.

नौपाड्याची_सई

काका, फार मोलाचं सांगितलंत. पाठवणी महाराष्ट्रापुरतीच करते.

आता खरी अडचण. काल रात्री साठा भरायला बसले. आमसुली, ६ ते ७ वर्षे: किती नग? मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, शिवलेलं एकही नाही. आमसुली खण १४ मीटर आहे. त्यात काय हवं ते कर." म्हणजे आमच्याकडे साठा पोलक्यांचा नाहीच, कापडाचा आहे! लहान मापाला दोन मीटर लागतं, मोठ्याला चार. त्या १४ मीटरमधून लहान सात होतील, किंवा मोठी तीन आणि एक लहान. मग आठही मापांपुढे कोणता आकडा लिहू? प्रत्येकापुढे तीन लिहिले तर चोवीस ऑर्डर येऊ शकतात आणि कापड चार दिवसांत संपेल.

ऐरोलीचा_कोडवाला

सई, हे तू आधी सांगायला हवं होतंस, माझा सगळा सल्ला यावर फिरतो!

मी म्हटलेलं मागे घेतो. रंग आणि माप एकाच पानावर नको. रंगागणिक वेगळं पान कर. आमसुलीचं पान एक, त्यात पर्याय फक्त माप. आणि साठा व्हेरिएशनला न भरता मुख्य उत्पादनाला भर. वूकॉमर्समध्ये साठा मुख्य उत्पादनावर सांभाळला की सगळी मापं त्याच एका आकड्यातून कमी होत जातात. कोणतंही माप विकलं गेलं, आकडा एकाने उतरला. शून्य झाला की आमसुली बंद.

आकडा कोणता, तर सगळ्यात मोठ्या मापाने मोजून: १४ मीटर, चार मीटरला एक, म्हणजे तीन. लहान मापं विकली गेली तर कापड उरेल, मग तू आकडा हाताने वाढव. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं.

आणि बाही ऑर्डरनंतर लावता ना? मग ती साठ्यात मोजूच नको. मापाबरोबर दुसरा पर्याय म्हणून ठेव. आठ मापं, दोन बाह्या, एका पानावर सोळा.

खारघरची_दुकानदार

कोडवालादादा, मी नऊ वर्षं दोन बाजार-साइटवर कुर्त्या विकते. रंग वेगळे केले की परीक्षणं विभागली जातात. आमसुलीला चाळीस शेरे आणि वांगीला एकही नाही, तर वांगी कोणी घेत नाही. तिथे सगळे रंग एका मूळ उत्पादनाखाली बांधायची पद्धत त्यासाठीच आहे. मूळ उत्पादन स्वतः विकत मिळत नाही, ते फक्त छत्री, विकली जातात तिच्याखालची पिल्लं. गिऱ्हाइकाला एका जागी सगळे रंग दिसतात, चारदा मागे-पुढे जावं लागत नाही. कापडाच्या अडचणीसाठी दुकानाची मांडणी मोडू नये असं मला वाटतं. प्रत्येक रंगाच्या दोन-तीन मापांत शिवून तयार ठेवा आणि तेवढेच विका.

टेप_आणि_टाचणी

खारघरताई, ते कुर्तीला चालतं. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान, एकदा कापलं की जोड लावता येत नाही. सहाच्या मापाची तीन शिवून ठेवली आणि गिऱ्हाईक नऊची आली, तर कापडही गेलं आणि गिऱ्हाईकही. हातशिवणीच्या घरात कापड कापायची घाई करू नये. सईताईंनी आधी ऑर्डर घ्यावी, मग कात्री लावावी.

खारघरची_दुकानदार

जोडाचं मला ठाऊक नव्हतं. मग तुमच्या पद्धतीने जा, पण प्रत्येक पानावर बाकीच्या रंगांचे छोटे फोटो नक्की जोडा, एका टिचकीवर जाता येईल असे. आणि ठळक लिहा, "ऑर्डरनंतर शिवतो, इतक्या दिवसांत निघेल". आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी उशिराच्याच असतात, मापाच्या नंतर. पाडव्यासाठी शेवटची तारीख द्या आणि त्या दिवशी ऑर्डर बंद करा, कितीही फोन आले तरी.

मसाल्याची_वाट

आणि प्रत्येक पर्यायाला एसकेयू, म्हणजे ओळखायचा स्वतःचा कोड, द्या हो! मी द्यायचे नाही, पाकिटं अदलाबदल व्हायची. तुमच्यासाठी पीपी-आम-०६-अर्धी असं काही. आकड्याने सुरू करू नका, पुढचं शून्य स्प्रेडशीटमध्ये उडतं. तोच कोड चिठ्ठीवर लिहून बेतलेल्या कापडाला टाचणीने लावा. शिवणाऱ्या मावशींना फोन बघायची गरज पडत नाही.

वाचनमात्र

दोन आठवडे हा धागा वाचतोय. बायकोचा तोरणांचा व्यवसाय आहे, तिची सगळी पानं या चर्चेप्रमाणे बदलली. सईताई, तुमचं मूळ कोडं सुटलं का? ३८४ चं शेवटी काय झालं?

नौपाड्याची_सई

सुटलं! उशीर झाला, माफ करा, दिवसरात्र शिवण चाललंय.

पानं नऊ केली, नऊ रंग. तीन रंगांचं कापडच पुरेसं नव्हतं, ते पुढच्या खेपेला, खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येईल तेव्हा. प्रत्येक पानावर आठ मापं आणि दोन बाह्या. साठा मुख्य उत्पादनावर. दागिन्यांचं पान वेगळं. मोठ्यांची नऊवारी वेगळी. मापाच्या तक्त्यात काकांनी सांगितलेले दोन रकाने आणि वर आईंचा फोटो, फ्रॉकवर नाही, शेजारच्या मुलीच्या अंगावर टेप धरलेला. माया एक इंच, हेही लिहिलंय.

वर्णन आईंनी सांगितलं, मी लिहिलं. "पोलक्याला आतून मलमलचं अस्तर आहे, काठ टोचत नाही. परकराला नाडी, वर इलास्टिक नाही, कारण इलास्टिकचे वळ उठतात. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा, एकटंच धुवा." हे शेवटचं वाक्य वाचून आत्तापर्यंत चौघींनी फोन केला, फक्त बरं वाटलं म्हणून.

पहिली ऑर्डर खारघरहून आली. मोरपंखी, ४ ते ५ वर्षे, अर्धी बाही. सोबत त्या ताईंनी टीप लिहिली होती, छाती २३, उंची ४१, टेपने मोजलंय. मला त्यांना एकदाही फोन करावा लागला नाही. आईंनी तो कागद छापून मशीनच्या वर भिंतीला लावलाय.

नेरुळची_आजी

सई, डाळिंबी रंगात ७ ते ८ चं घेतलंय काल. चौकटीवरच्या खुणेप्रमाणे ४९ इंच भरली, म्हणून एक माप पुढचं घेतलं. बरोबर केलं ना?

नौपाड्याची_सई

अगदी बरोबर आजी. कालच बेतलंय. खाली दोन इंच दुमडून शिवायला सांगितलंय, पुढच्या पाडव्याला उसवा.